फोर्स लावण्याआधी स्क्रिप्ट वाचा
लिनक्सवर एक पॅकेज (इन्स्टॉल केलेलं सॉफ्टवेअर) काढताना एरर येते, असा तुमचा प्रश्न. त्यावर सुचवलेला डीपीकेजीचा, म्हणजे पॅकेज बसवणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रामचा, 'फोर्स-रिमूव्ह-रीइन्स्टरेक' हा जबरदस्तीने काढायचा पर्याय इथे कामाचा नाही. पॅकेज अर्धवट बसून 'पुन्हा इन्स्टॉल करा' अशा अवस्थेत अडकलं असेल तर तो ठीक. तुमच्या एररमध्ये मात्र प्री-रिमूव्हल स्क्रिप्टच (पॅकेज काढण्याआधी चालणाऱ्या कमांड्सची फाइल) एक्झिट स्टेटस १, म्हणजे अपयशाचा कोड, देऊन पडतेय, आणि हा फोर्स लावला तरी डीपीकेजी ती चालवतंच.

ती स्क्रिप्ट म्हणजे बहुतेक वेळा साधी टेक्स्ट फाइल. व्हार, लिब, डीपीकेजी, इन्फो या फोल्डरांच्या वाटेने जा, पॅकेजच्या नावाची 'प्रीआरएम' फाइल सुडोने (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) उघडा. माझ्या उबंटूवर ती आधीच गायब झालेली सर्व्हिस थांबवायला बघत होती. कॉपी काढून तेवढ्या एका ओळीच्या सुरुवातीला हॅश (#) लावला, म्हणजे ती ओळ चालत नाही, पॅकेज लगेच निघालं. अख्खी स्क्रिप्ट कृपया उडवू नका, बाकीची आवराआवर तीच करते.