प्रॅक्टिकलला फ्लिप्ड क्लासरूम केलं आणि ३० पैकी १९ जणांचं रीडिंग ९.७! मदत हवीये

नमस्कार मंडळी, मी केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स घेते. यंदा फ्लिप्ड क्लासरूम करून बघायचं ठरवलं, म्हणजे कृती मुलांनी घरी व्हिडिओवर बघून यायची आणि लॅबचा सगळा वेळ हात चालवायला. एरवी दोन तासांतली चाळीस मिनिटं माझ्या बोलण्यातच जायची आणि मागच्या टेबलाला ब्युरेट (थेंब थेंब द्रव सोडायची खुणांची उभी नळी) धड दिसायचीही नाही. ही पद्धत गाजवणारे बर्गमन आणि सॅम्स हेही २००७ च्या सुमारास अमेरिकेत शाळेत केमिस्ट्रीच शिकवत होते, तास बुडलेल्या मुलांसाठी रेकॉर्डिंग करता करता त्यांना हे सुचलं. म्हटलं आपल्याच विषयातली माणसं आहेत, जमेल.

टायट्रेशनचा, म्हणजे ॲसिडमध्ये थेंब थेंब अल्कली सोडून ॲसिडचं प्रमाण मोजायचा, १८ मिनिटांचा व्हिडिओ केला. फ्लास्कमध्ये १० मिली ॲसिड, ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, फिनॉल्फथॅलीनचे (ॲसिड संपलं की फिकट गुलाबी होणारा इंडिकेटर) दोन थेंब, आणि शेवटी माझं रीडिंग ९.७ मिली, तेही मोठ्या अक्षरात. प्रॅक्टिकलला १९ जणांच्या तक्त्यात ९.७, तिन्ही वेळा! एका टेबलावर तर फनेल ब्युरेटच्या तोंडात तशीच, खाली टोकात हवेचा बुडबुडा, फ्लास्कमध्ये गडद गुलाबी सरबत आणि तक्त्यात शांतपणे ९.७. विचारलं तर "मॅडम, व्हिडिओत तेवढंच आलेलं ना". हसावं की रडावं कळेना.

शिवाय सहा-सात जण न बघताच आले, त्यांना सगळं परत सांगितलं तर बघून आलेले म्हणाले मग आम्ही कशाला बघितलं, आणि खरंच आहे ते. कोणी लॅबसाठी हे केलंय का? व्हिडिओत नेमकं किती दाखवता?

प्रतिसाद १:
मॅडम, राग मानू नका पण उत्तर तुम्हीच वाटलंत. व्हिडिओ पहिल्या थेंबाआधी कापा. ॲसिडच्या तीन बाटल्या करा, ०.०८, ०.१० आणि ०.१२ मोलर, वर फक्त अ, ब, क. रीडिंग ८, १०, १२ च्या आसपास येतील, कोणी कॉपी केली तर लगेच कळतं. आणि १८ मिनिटं कोण बघतंय हो, ब्युरेट भरणं, पिपेट धरणं, एंड पॉइंट (रंग बदलतो तो क्षण) ओळखणं असे तीन तुकडे करा.

प्रतिसाद २:
मी उलटं करतो, मुद्दाम चुका असलेला व्हिडिओ देतो. फनेल काढायची नाही, डोळा मेनिस्कसच्या (नळीतल्या द्रवाच्या वक्र पातळीच्या) वर ठेवून रीडिंग घ्यायचं, बुडबुडा तसाच ठेवायचा. चुका शोधून कारणासकट लिहून आणायच्या (बुडबुडा मध्येच सुटला तर रीडिंग जास्त येतं, हे मुलं स्वतः शोधतात). तो कागद म्हणजे लॅबचं तिकीट. ज्याच्याकडे नाही त्याने कोपऱ्यात बसून आधी व्हिडिओ बघायचा, मी परत सांगत नाही. पहिले दोन आठवडे कुरकुर होते. गॉगल आणि अल्कलीची काळजी मात्र दर वेळी समोर उभं राहूनच सांगतो, ते व्हिडिओवर सोडत नाही.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार, बाटल्या आणि तिकीट दोन्ही करते. तुमचं वाचून मघाशी माझाच व्हिडिओ परत बघितला आणि कपाळावर हात मारला. फिकट गुलाबी मोबाईलवर दिसतच नव्हतं म्हणून मी तेव्हा चार-पाच थेंब जास्त टाकले होते, "बघा कसं छान दिसतंय" असं म्हणतेय वर! म्हणजे ते गडद सरबत माझ्याकडूनच शिकले. आता फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवून परत शूट करतेय, तरी फिकट गुलाबी कॅमेऱ्यात नीट येण्यासाठी लाइट कुठून लावता ते कोणी सांगेल का?