भूमध्य समुद्रातलं बेट, दोघं आणि पाऊस : तुमचे अनुभव

भूमध्य समुद्रातली बेटं म्हणजे ऊन आणि निळं पाणी, असं आपण धरूनच चालतो. पण तिथला पाऊस हिवाळ्यातला. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत तो कधीही गाठतो आणि दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत गेलेली आपली जोडपी नेमकी त्यात सापडतात. बोट रद्द, किनारा ओस आणि अख्खा दिवस हाताशी. अशा दिवशी तुम्ही दोघांनी काय पाहिलं, ते लिहा. नुसती ठिकाणांची नावं नकोत. काय आवडलं, काय नाही, पुढच्याने काय ध्यानात ठेवावं, सगळं येऊ द्या.

सुरुवात मी करते. आम्ही नोव्हेंबरात माल्टाला होतो. ब्लू ग्रोटो या समुद्रकाठच्या गुहांची बोट ठरली होती, पण समुद्र खवळल्यामुळे त्या दिवशी बोटी सोडल्याच नाहीत. मग बसने राजधानी वॅलेटा गाठली. १५६५ चा तुर्कांचा वेढा उठल्यावर सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे एका ख्रिस्ती लढवय्या संघाने, वसवलेलं हे शहर. माल्टात बारमाही नदी नाही, म्हणून इथल्या घरांखाली पावसाचं पाणी साठवायची टाकी खोदलेली आहेत. आम्ही मात्र ते पाणी उतरत्या गल्ल्यांतून वाहताना पाहत होतो. तिथला चुनखडीचा दगड ओला झाला की भयंकर निसरडा होतो. चांगल्या पकडीचे बूट न्याच.

सेंट जॉनचं को-कॅथेड्रल, म्हणजे सरदारांचं मोठं चर्च, बाहेरून अगदी साधं आहे. आत मात्र भिंतीचा कोपरान् कोपरा सोनेरी नक्षीने भरलेला. खरी गोष्ट पायाखाली आहे. सगळी जमीन म्हणजे सरदारांची सुमारे ४०० थडगी, रंगीत संगमरवर जडवलेली, त्यांवर सांगाडे, वाळूची घड्याळं, घराण्यांची चिन्हं. टोकदार टाचांच्या चपला आत चालत नाहीत, ते याचसाठी.

बाजूच्या दालनात इटालियन चित्रकार काराव्हाज्योचं सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं चित्र आहे, १६०८ सालचं, पाच मीटरहून रुंद. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र आणि सही कुठे, तर मानेतून सांडलेल्या रक्तात. त्याच वर्षी तो इथे सरदार झाला, भांडणापायी तुरुंगात गेला, पळाला आणि याच दालनात, याच चित्रासमोर, त्याच्या गैरहजेरीत सरदारांनी त्याला आपल्यातून काढून टाकलं. एरवी दहा मिनिटांत 'चल' म्हणणारा नवरा तिथून हलेना. चित्राचा अर्धा भाग नुसता काळोख आहे, तो का सोडला असेल यावर आम्ही कितीतरी वेळ हळू आवाजात बोलत बसलो. ऊन असतं तर आम्ही बोटीत असतो, हे मला फार जाणवलं.

नंतर गरम पास्तित्सी खाल्ल्या, म्हणजे पापुद्र्यांच्या भरलेल्या करंज्याच, रिकोटा चीजच्या आणि वाटाण्याच्या. काही ठिकाणी पिठात डुकराची चरबी घालतात. शाकाहारी असाल तर विचारून घ्या.

*

माल्टाला जोडून : पावसात कुठे जायचं म्हणून ऐनवेळी हाल साफ्लिएनीचं हायपोजियम आठवतं, पण तिकीट मिळत नाही. जमिनीखाली खडकात तीन मजले कोरलेलं, पाच हजार वर्षांपूर्वीचं दफनस्थान. १९०२ मध्ये घरांचं बांधकाम चालू असताना सापडलं. आतली हवा बिघडू नये म्हणून एका वेळी दहाच माणसं सोडतात. विमानाचं तिकीट काढाल त्याच दिवशी याचंही काढा.

*

आमचं कॉर्फू. बायको रत्नागिरीची, त्यामुळे पाऊस लागला तेव्हा ती खूशच झाली. ग्रीसमधलं हे भरपूर पावसाचं बेट, म्हणून इतकं हिरवं. डोंगरउतारावर व्हेनिसच्या राजवटीत लावलेली जैतुनाची झाडं, खाली ओल्या मातीचा वास. 'आंब्याच्या जागी जैतून, बाकी कोकणच,' असं ती म्हणाली.

जुन्या गावात लिस्टन नावाची फ्रेंचांनी बांधलेली कमानींची लांब ओसरी आहे. तिथे कॉफी घेऊन बसलो. समोर स्पियानाडाचं मोठं पटांगण. या पटांगणावर १८२३ पासून क्रिकेट खेळलं गेलंय! बेट तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. ते १८६४ मध्ये गेले, खेळ राहिला. ग्रीसमध्ये क्रिकेट रुजलं ते इथे. मी शिवाजी पार्कात वाढलेला माणूस, मला त्या चिंब मैदानावरून नजर काढवेना. वेटरने आपण होऊन विचारलं, 'इंडिया?' आणि मग तासभर गप्पा. तो दिवस आम्हा दोघांच्या लेखी अख्ख्या सहलीतला सर्वांत सुंदर.

*

ह्यांच्या निवृत्तीनंतर आम्ही ग्रीसच्या क्रीट बेटावर गेलो. ह्यांना समारियाची १६ किलोमीटरची दरी चालायची फार हौस. ऑक्टोबरात पाऊस आला आणि दरी बंद. दरडी पडतात, ओढा फुगतो, तेव्हा बंद ठेवतात ते बरोबरच आहे. पण हे पार हिरमुसले.

मग हेराक्लिऑनच्या पुरातत्त्व संग्रहालयात गेलो. मला बैलावरून कोलांटी मारणाऱ्या खेळाडूचं भित्तिचित्र पाहायचं होतं. हे मात्र मातीच्या छोट्या पाट्यांपाशी थांबले. क्नोसोसच्या राजवाड्यातल्या या पाट्यांवरची लिपी १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिसने उलगडली. त्यावर काव्य नाही, पुराण नाही. मेंढ्या किती, तेल किती, कुणाकडून किती येणं, सगळा हिशेब. ह्यांचा जन्म बँकेत गेला. काचेवर वाकून मला म्हणाले, 'अगं, ही खतावणी आहे.' इतके आनंदलेले ह्यांना मी पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं.

*

सिसिली बेटावरचं पालेर्मो, फेब्रुवारी. आम्ही म्युनिकला राहतो, तिथून गेलो होतो. पावसात कापेल्ला पालातिना, म्हणजे राजवाड्यातलं प्रार्थनाघर, तेच पाहा. बाराव्या शतकातला ख्रिस्ती राजा रॉजर दुसरा, भिंतींवर बायझंटाइन धाटणीची सोन्याची मोझेक आणि वर मुस्लिम कारागिरांचं कोरीव लाकडी छत. बायकोने मान वर करून छत पाहिलं, मी भिंती. मग अदलाबदल.

*

माझा अनुभव थोडा वेगळा. स्पेनच्या मायोर्का बेटावर पाऊस आला की सगळेच ड्राकच्या गुहांकडे धावतात. गुहा सुंदर आहेत, भूमिगत तळ्यावर होड्यांतून वादन होतं, तेही छान. पण त्या गर्दीत दोघांना निवांतपणा मिळाला नाही.

दुसऱ्या पावसाळी दिवशी वालदेमोसाच्या मठात गेलो आणि तिथे मन रमलं. १८३८-३९ च्या हिवाळ्यात आजारी संगीतकार शोपाँ आणि लेखिका जॉर्ज सँड इथे राहिले. पॅरिसहून मागवलेला शोपाँचा पियानो जकातीत अडकला आणि मुक्काम संपत आला तेव्हा पोचला. तोवर त्याने एका साध्या स्थानिक पियानोवर काम केलं. नवरा सतार शिकतोय. परतीच्या बसमध्ये तो फक्त त्या पियानोबद्दल बोलत होता.

गाव डोंगरात आहे, दगडी खोल्यांत गारठा फार. जाड स्वेटर न्या आणि शेवटची बस किती वाजता ते उतरतानाच विचारून ठेवा.