शब्दचर्चा : वारसा इमारतीचा टीडीआर – प्रोत्साहन, मोबदला की भरपाई?

विचारणा

मुंबईतल्या वारसा इमारतींना मिळणाऱ्या टीडीआरबद्दल (जागेवर करता न येणारं बांधकाम दुसऱ्या प्लॉटवर वापरायचा, विकता येणारा हक्क) लिहिताना प्रोत्साहन, मोबदला, सवलत, भरपाई हे चारही शब्द सर्रास वापरले जातात. मालक आणि भाडेकरू दोघांच्या हाती पडणाऱ्या टिपणात कोणता शब्द घ्यावा? ‘हस्तांतरणीय विकास हक्क’ कळेल का लोकांना?

प्रतिसाद १

‘हस्तांतरणीय विकास हक्क म्हणजे टीडीआर’ असं एकदा लिहा आणि पुढे टीडीआरच म्हणा. चटई क्षेत्र निर्देशांकालाही, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं त्या आकड्यालाही, सगळे एफएसआयच म्हणतात. ‘विकास हक्क प्रमाणपत्र’ मात्र दर वेळी पूर्ण लिहा. आधी हक्क मंजूर होतो, मग त्याचं प्रमाणपत्र निघतं, ते विकलं जातं आणि घेणारा ते क्षेत्र आपल्या प्लॉटवर लोड करतो, म्हणजे तिथे तेवढं जास्तीचं बांधकाम करतो. या पायऱ्या एकत्र झाल्या की ‘टीडीआर मिळाला’ म्हणजे पैसे मिळाले, असा समज होतो.

मुख्य शब्द ‘भरपाई’ घ्या. १९९५ साली आलेल्या वारसा नियमाने, म्हणजे तेव्हाच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ६७ क्रमांकाच्या नियमाने, निर्बंधांमुळे ज्याचे विकास हक्क बुडतात त्याला टीडीआर देऊ केला. ‘मोबदला’ इथे बसत नाही. आरक्षणाखालची जमीन पालिकेच्या ताब्यात दिली की मिळतो तो मोबदला. वारसा इमारत मालकाकडेच राहते, फक्त वर मजले चढवता येत नाहीत.

हिशेबही बुडालेल्या हक्काचाच असतो. शहर भागात, म्हणजे उपनगरं सोडून, ६०० चौरस मीटरचा प्लॉट धरा. मूळ एफएसआय १.३३, म्हणजे ७९८ चौ.मी. उभं बांधकाम ५०० असेल तर उरले २९८. हेच बांधकाम ८५० असतं तर बुडालेलं क्षेत्र शून्य, म्हणून टीडीआरही शून्य. दाट वस्तीतल्या जुन्या इमारतींची नेमकी हीच अडचण होते. त्यांना ‘प्रोत्साहन मिळेल’ असं सांगणं ही दिशाभूल आहे.

प्रतिसाद २

टीडीआरपुरतं पटलं, पण त्याच नियमात खरं प्रोत्साहनही आहे. इमारत आहे तशी राखून नीट दुरुस्ती करायला मालक तयार असेल, तर वारसा समितीच्या संमतीने बिगरव्यापारी भागाचा काही किंवा सगळा वापर ऑफिस, हॉटेल असा बदलू देता येतो. देखभाल ढासळली किंवा वारसामूल्य बिघडवलं, तर पालिका आयुक्त परवानगी काढून घेतात. अट मोडल्यावर परत जातं ते प्रोत्साहन. झालेल्या तोट्यापोटी मिळते ती भरपाई. शब्द निवडताना ही कसोटी लावावी.

वरच्या हिशेबात एक भर. नव्या ‘विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली’त २९८ चौ.मी. सगळीकडे २९८च वापरता येत नाहीत. टीडीआर निर्माण झाला त्या वर्षीचे दोन्ही जागांचे रेडी रेकनरचे (सरकारी दरपत्रकाचे) जमीनदर घेऊन, मूळ जागेच्या दराला वापरायच्या जागेच्या दराने भागतात आणि त्या पटीत क्षेत्र मिळतं. समजा मूळ जागेचा दर १,२०,००० आणि वापरायच्या जागेचा ८०,०००, तर दीडपट, म्हणजे ४४७ चौ.मी. टिपणात नुसतं क्षेत्र लिहू नका, ते कुठल्या जागेवरचं तेही लिहा.

प्रतिसाद ३

‘प्रोत्साहन’ या शब्दाची आणखी एक गल्लत होते. ‘विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली’ या नावात त्याचा अर्थ ‘चालना’ एवढाच आहे. ‘प्रोत्साहनपर एफएसआय’ ही वेगळी गोष्ट. याच नियमावलीच्या नियम ३३(७)खाली सेसची इमारत (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत) पाडून बांधली, तर पुनर्वसनाच्या क्षेत्रावर ५० टक्के किंवा त्याहून जास्त प्रोत्साहनपर क्षेत्र मिळतं. म्हणजे एकाच गल्लीत पाडणाऱ्याला प्रोत्साहन आणि राखणाऱ्याला जेमतेम भरपाई. ही विषमता टिपणात शब्दांतून दिसलीच पाहिजे. दोन्हींना एकच शब्द लावला तर ती झाकली जाते.

‘दुरुस्ती’ हा शब्दही मोघम ठेवू नका. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की भिंतीतली ओल बाहेर पडत नाही आणि सागवानी तुळईचं भिंतीत बसलेलं टोक आतून कुजतं. बाहेरून भिंत मात्र नवीकोरी दिसते. म्हणून ‘चुन्याचा गिलावा, तुळयांची टोकं उघडून तपासणी, मग रंग’ असा क्रम लिहा.

विचारणाऱ्याचा मसुदा

‘वारसा निर्बंधांमुळे न वापरता येणाऱ्या क्षेत्राची भरपाई म्हणून मालकाला टीडीआर मिळू शकतो. इमारत राखण्याच्या अटीवर वापरबदलाचं प्रोत्साहन वेगळं मागता येतं.’

प्रतिसाद २

चालेल. ‘अटीवर’च्या पुढे ‘अट मोडल्यास परवानगी रद्द’ एवढं जोडा, भाडेकरूंना तेच वाक्य उपयोगी पडेल.