470 विमानांची ऑर्डर: शहाणपण की पुन्हा 2005?

सोनेगावचा शेजारी
घर नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या पाठीमागे, त्यामुळे विमानं बघण्यातच अर्धं आयुष्य गेलं. टाटांनी एअर इंडिया घेतली, फेब्रुवारी 2023 मध्ये 470 विमानांची ऑर्डर जाहीर केली (250 एअरबस, 220 बोइंग). त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोनं एका दमात 500 मागवली. 2024 च्या डिसेंबरात एअर इंडियानं आणखी 100 वाढवली. सगळीकडे पेढे वाटल्यासारखा आनंद. मला मात्र दूध पोळल्याची आठवण आहे, म्हणून ताकही फुंकून पितो. 2005-06 मध्ये सरकारी एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून 111 विमानं मागवली, जवळपास सगळी कर्जावर. 2011 ला कॅगनं त्या खरेदीवर ताशेरे ओढले. लांब पल्ल्याची आठ बोइंग 777-200एलआर आली, त्यातली पाच पुढे अबुधाबीच्या एतिहाद कंपनीला विकावी लागली.

गेल्या महिन्यात एका विमानात (कंपनीचं नाव नको) माझ्या समोरचा ट्रे चिकटपट्टीनं अडकवलेला होता. पट्टी सुटली, मग दीड तास मी तो गुडघ्यानं दाबून धरला. नवी येतील तेव्हा येतील, आधी चार स्क्रू आवळा ना! आहे तो ताफा नीट चालवा, कमी पडतील तेवढी भाड्यानं घ्या.

मिहानची शिफ्ट
भाऊ, ज्या 111 ले तुम्ही शिव्या देऊन राह्यले, त्यातल्याच 68 बोइंगच्या सौद्यात नागपूरले एमआरओ, म्हणजे विमानं दुरुस्त करायचा कारखाना, भेटला. बोइंगनं बांधून दिला, 2015 ले सुरू झाला. नाहीतर मी आज पुण्याले कुठंतरी भाड्याच्या खोलीत असतो.

अन् चार स्क्रू म्हणणं सोपं आहे. सी-चेकले, म्हणजे काही वर्षांनी होणाऱ्या मोठ्या तपासणीले, आलेल्या जुन्या विमानाची गॅलीखालची (विमानातल्या स्वयंपाकघराखालची) फरशी उचलून पाहा एकदा. वर्षानुवर्षं सांडलेला चहा, ज्यूस, बाजूच्या संडासातलं पाणी. खालच्या ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते, नखानं खरवडली तरी निघते. तेवढं कापा, नवा तुकडा बसवा, त्याचे कागद भरा. विमान जितकं म्हातारं तितकं हे काम वाढते अन् तितके दिवस ते हँगरमध्ये उभं. नव्या बोइंग 787 ले फरशीखाली कार्बन फायबरचे बीम आहेत, त्याले गंज नाही. ते बीम बनतात कुठं? विमानतळाजवळच्या आपल्या मिहान उद्योगक्षेत्रातच, टाटांच्या कारखान्यात.

सोनेगावचा शेजारी
म्हणजे नागपूरला हँगर मिळावा म्हणून देशानं कर्ज काढायचं? आणि तो एमआरओ टाटांकडे गेलाच नाही, तो चालवणारी एआयईएसएल (एअर इंडियाची दुरुस्ती कंपनी) सरकारकडेच राहिली. नवी विमानं तुमच्याच दारात येतील कशावरून?

मिहानची शिफ्ट
हे मात्र बरोबर बोलले. आमच्या कँटीनमध्येही रोज हेच चालू असते.

धंतोलीचा सीए
दोघंही हिशेबात चुकताय. ऑर्डर म्हणजे रोख खरेदी नव्हे. यादीतला भाव कोणीच देत नाही, घाऊक गिऱ्हाइकाला घसघशीत सूट असते आणि पैसे टप्प्याटप्प्यानं जातात. इंडिगोनं 2005 मध्ये, एकही उड्डाण करण्याआधी, 100 एअरबस ए320 मागवली. मग धंदा असा: ताबा मिळाला की विमान भाडे-कंपनीला विकायचं आणि तिच्याचकडून भाड्यानं घ्यायचं. घेताना घाऊक भाव, विकताना बाजारभाव, मधला फरक आपला. काही वर्षांनी, मोठी दुरुस्ती अंगावर यायच्या आत, विमान परत. घाऊक ऑर्डर नसेल तर हा खेळ जमत नाही. शेजारीबुवांच्या "कमी पडतील तेवढी भाड्यानं" या पद्धतीत मालक म्हणेल ते भाडं, तेही डॉलरमध्ये.

आणि 2005 शी तुलना अर्धवट आहे. तेव्हा आधी विमानं मागवली, मग 2007 मध्ये दोन कंपन्यांचं लग्न लावलं. टाटांचा सौदा 18,000 कोटींचा, त्यात 15,300 कोटींचं कर्ज. उरलेला कर्जाचा डोंगर सरकारनं आधीच बाजूला काढला होता.

खामल्याचा खडूस
हे नव्या विमानांचं कौतुक गो फर्स्ट या विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांसमोर करून बघा. त्यांनी ए320 ची नवी आवृत्ती निओ घेतली, इंधन 15 टक्के वाचतं म्हणून. इंजिनं प्रॅट अँड व्हिटनीची. इंजिनं वेळेवर मिळेनात, जवळपास निम्मा ताफा उभा, असं कारण देत मे 2023 मध्ये कंपनीच बसली. त्याच वर्षी त्याच जातीच्या इंजिनांचे भाग ज्या धातूच्या भुकटीपासून बनतात तिच्यात दोष निघाला आणि इंडिगोचीही डझनावारी विमानं जमिनीवर आली. सीएसाहेब, तुमच्या वहीत उभ्या विमानाचं भाडं कुठल्या खात्यात टाकता? बोइंगचं 777एक्स तर 2020 ला यायचं होतं. एअर इंडियानं दहा मागवलीत. बसा वाट बघत.

धंतोलीचा सीए
इंजिनवाल्याकडून भरपाई मिळते. पण ती येईपर्यंत तग धरायला गल्ल्यात पैसा लागतो, हे मान्य.

आरएमएसवाल्याचा मुलगा
जुन्याचं प्रेम असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. 1949 मध्ये रात्रीची विमानटपाल सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही बाजूंची विमानं मध्यरात्री आपल्या सोनेगावला जमायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि परत. वडील आरएमएसमध्ये (रेल्वे टपाल सेवेत) होते, ते सांगायचे, थंडीत थैलीची सुतळी बोटांना कापायची. त्या काळची डाकोटा विमानं म्हणजे महायुद्धातून उरलेला माल, मातीमोल भावानं मिळालेला. विमान इतकं स्वस्त म्हटल्यावर जो तो कंपनी काढून बसला. प्रवासी तेवढेच, कंपन्या भरमसाट. बहुतेकींची दमछाक झाली आणि 1953 मध्ये सरकारनं सगळ्या ताब्यात घेतल्या. तेव्हा नव्या विमानांच्या कर्जानं नव्हे, जुन्या विमानांच्या स्वस्ताईनं घात केला.

सोनेगावचा शेजारी
हे मला ठाऊक नव्हतं. तरी एवढ्या विमानांना वैमानिक आणि उभं राहायला जागा कुठून आणणार, हे कोणीच बोललं नाही. आपल्याकडे धावपट्टी एकच आहे.

मिहानची शिफ्ट
ते जाऊ द्या. त्या ट्रेचं काय केलं? उतरताना केबिन क्रूले सीट नंबर सांगितला का? लॉगबुकात चढल्याशिवाय आमच्यापर्यंत काहीच येत नाही.

सोनेगावचा शेजारी
नाही सांगितला. बॅग घ्यायची घाई होती.