हार्ट्झच्या डोंगरात ५ दिवस सायकलने, रोज ७० किमी जमेल का?

पायडलताई:
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटी जर्मनीत हार्ट्झमधे सायकलने फिरायचं ठरतंय, मी आणि नवरा, पाच दिवस. ट्रेनने गोस्लारला उतरायचं, मग क्लाउस्टाल, ब्राउनलागे, ब्रोकनचं शिखर, वेर्निगेरोडे, रापबोडे धरण, थाले असं करत क्वेडलिनबुर्गला पोचायचं आणि तिथून परतीची ट्रेन. रोज ६०-७० किमी धरलेत, उरलेल्या वेळात आजूबाजूला भटकायचं. दोघांच्या साध्या ट्रेकिंग सायकली, मागे दोन दोन पॅनिअर (कॅरिअरला हुकाने अडकवायच्या पिशव्या). नदीकाठच्या सपाट रस्त्यावर आम्ही दिवसाला ८० आरामात मारतो, त्यामुळे मला ७० म्हणजे काही विशेष वाटत नाहीये, पण नवरा म्हणतो डोंगर आहे, निम्मं धर. मी म्हणते ब्रोकन ११४१ मीटर आहे, आल्प्स थोडीच आहे! तेवढं भांडण मिटवून द्या. आणि तंबू न्यावा का तेही सांगा.

मंदगती:
ताई, नवऱ्याचं ऐका. (हे वाक्य मी परत कधी लिहीन असं वाटत नाही.)

११४१ या आकड्यावर जाऊ नका. गोस्लार साधारण २५० मीटरवर आहे, तिथून क्लाउस्टालच्या पठारावर चढलात की वाटतं झालं, आता वरच्या वर जाऊ, तर रस्ता परत दरीत उतरतो आणि तीच उंची पुन्हा चढायला लागते, असं दिवसातून तीनचार वेळा. आम्ही पहिल्या दिवशी ५५ किमी धरले होते, दुपारी चार वाजता ३१ झालेले आणि बायको एका लाकडाच्या ओंडक्यावर बसून माझ्याकडे बघत होती, बोलत काहीच नव्हती. त्या शांततेला मी जास्त घाबरलो. तेव्हापासून मी किमी बघतच नाही, अॅपमधे फक्त एकूण चढ बघतो. सामानासकट दिवसाला ६००-७०० मीटर चढ म्हणजे माझ्यासारख्याला भरपूर, मग त्यात किमी ३५ होवोत नाहीतर ४५.

दुसरं म्हणजे रोज मुक्काम हलवू नका. दोनच ठिकाणी रहा, एक डोंगरात (ब्राउनलागे किंवा शिर्के) आणि एक खाली वेर्निगेरोडे नाहीतर क्वेडलिनबुर्गला. ब्रोकनला पॅनिअर खोलीवर टाकून मोकळ्या सायकलने जा. शिर्केहून वर डांबरी रस्ता आहे, दहाएक किमी, ५०० मीटरच्या वर चढ. गाड्यांना बंदी आहे, सायकलींना परवानगी. फक्त चालणारे लोक आणि घोडागाड्या खूप असतात, त्यामुळे खरी परीक्षा उतरताना.

तंबूचा विचार सोडा. वरचा बराच भाग नॅशनल पार्कात येतो, तिथे जंगलात तंबू ठोकायला मनाई आहे. अधिकृत कँपिंगच्या जागा आहेत पण सप्टेंबरअखेरच्या रात्री त्या उंचीवर हौस फिटते.

आडवाट:
वरच्या प्रतिसादाला +१, आणि एक धोक्याची सूचना. नकाशावर जुन्या पूर्व-पश्चिम जर्मनीच्या सीमेवरून जाणारी एक सरळ वाट दिसेल, मोह होईल, जाऊ नका. ती सैनिकांच्या गस्तीच्या गाड्यांसाठी केलेली वाट आहे, दोन समांतर पट्ट्यांत काँक्रीटच्या लाद्या आणि प्रत्येक लादीत आरपार लांबट भोकं, त्यात आता गवत उगवलंय म्हणून ती वरून दिसत पण नाहीत. माझ्या ३२ मिमी टायरचं पुढचं चाक एकात गेलं, मी हँडलवरून सरळ गवतात. लागलं काही नाही पण बाटलीचा स्टँड तुटला, आणि उरलेले तीन किमी सायकल हातात धरून चालत आलो, दात वाजायचे थांबले ते झोर्गे गावात.

गंमत म्हणजे तिथे शेजारी शेजारी दोन गावं आहेत, एकाचं नाव एलेंड आणि दुसऱ्याचं झोर्गे. आजच्या जर्मनमधे एकाचा अर्थ दैन्य आणि दुसऱ्याचा काळजी! पाट्यांपाशी फोटो काढल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. एलेंडला एक एवढीशी लाकडी चर्च आहे आणि तुम्ही आदल्या दिवशी क्लाउस्टालला जाणार तिथे जर्मनीतली सगळ्यात मोठी लाकडी चर्च, दोन्ही एकाच ट्रिपमधे बघितल्या तर मजा येते.

अजून एक, मनाची तयारी ठेवा. जंगल म्हणून गर्द हिरव्या स्प्रूसचे जुने फोटो बघितले असतील तर ब्रोकनच्या भोवती आता तसं नाहीये. २०१८ नंतरचा दुष्काळ आणि साल पोखरणारे भुंगे यांनी डोंगरच्या डोंगर वाळून करडे झालेत. मला आधी रडूच आलं, मग खाली वाकून बघितलं तर त्या मेलेल्या खोडांच्या मधे गुडघ्याएवढी नवीन झाडं, बर्च वगैरे, गच्च. वारं असेल तेव्हा मात्र अशा भागात थांबू नका, खोडं पडतात. कुठली वाट बंद असेल तर अडथळ्याला वळसा घालून घुसू नका.

सपाटप्रेमी:
मी जरा वेगळं मत मांडतो, रागावू नका. एवढा त्रास कशाला? आर-१ नावाचा लांब पल्ल्याचा सायकलमार्ग डोंगराच्या उत्तरेच्या पायथ्याने जातो. गोस्लार, बाड हार्त्सबुर्ग, इल्झनबुर्ग, वेर्निगेरोडे, ब्लांकनबुर्ग, थाले, क्वेडलिनबुर्ग, सगळी जुनी गावं लागतात आणि डोंगर कायम उजव्या हाताला दिसतो. चढउतार आहेत, मधे खडीची वाट पण आहे, पण जीव जात नाही. वाचलेला वेळ गावांत घालवा ना. गोस्लारची रामेल्सबेर्ग खाण हजार वर्षांहून जास्त चालून १९८८ मधे बंद झाली, आत खाली जाता येतं (जॅकेट घ्या, आत गार असतं). खाण आणि जुनं गाव १९९२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. क्वेडलिनबुर्ग १९९४ पासून, तिथे लाकडी चौकटीची हजारावर घरं, एका गल्लीत शिरलं की तासभर बाहेर येता येत नाही. लोक संध्याकाळी सहाला दमून पोचतात, जेवतात, झोपतात, सकाळी निघतात, काय बघितलं?

मंदगती:
@सपाटप्रेमी मुद्दा बरोबर आहे, पण ताईंना डोंगरात जायचंय, डोंगराकडे बघायचं नाहीये :)
गावांवरून आठवलं. या जुन्या गावांत दगडी फरशी असते, गोल डोक्याचे दगड, पाऊस पडला की साबणासारखे. क्वेडलिनबुर्गला माझं एक पॅनिअर हादऱ्यांनी हुकातून सुटून भर चौकात पडलं. गावात शिरायच्या आधी हुक तपासा, टायरमधली हवा थोडी कमी करा आणि लाज न बाळगता उतरून चाला.

पायडलताई:
बाप रे, एवढं सगळं! नवऱ्याला दाखवलं, तो दोन दिवस हसतोय. एक विचारू का, माझ्यासाठी इ-बाईक भाड्याने घेतली तर बॅटरी पुरेल का? आणि ब्रोकनवर धुकं असतं म्हणतात ते खरं का?

आडवाट:
धुक्याचं म्हणाल तर वर्षातले साधारण ३०० दिवस असतं, त्यामुळे नसलं तर नशीब समजा. मी गेलो तेव्हा दहा फुटांवरचं दिसत नव्हतं, शिखरावर येणाऱ्या वाफेच्या रेल्वेगाडीची शिट्टी ऐकू येत होती, धुराचा वास येत होता, गाडी काही दिसली नाही. पूर्व जर्मनीच्या हद्दीतला हा डोंगरमाथा १९६१ ते ८९ सामान्य लोकांना पूर्ण बंद होता, ३ डिसेंबर १९८९ ला लोक चालत वर गेले आणि फाटक उघडायला लावलं. धुक्यात उभं राहून ते आठवलं आणि उगाच अंगावर काटा आला.

इ-बाईक जरूर घ्या. तिथल्या साध्या इ-बाईकची मदत ताशी २५ किमीला बंद होते, लायसन लागत नाही. बॅटरी चढावर भराभर उतरते आणि थंडीत अजून, त्यामुळे पहिल्या चढाला सगळ्यात जोराचा मोड लावू नका. चार्जर सोबत ठेवा आणि खोली बुक करतानाच चार्जिंगचं विचारून घ्या.

मंदगती:
आणि शनिवार दुपारनंतर सायकल बिघडवू नका. माझा मागच्या चाकाचा स्पोक शनिवारी तीनला तुटला, रविवारी तिथे दुकानं बंद, सोमवारपर्यंत डगमगत्या चाकाने बसून होतो. एकदोन जादा स्पोक, ब्रेक पॅडची जोडी, चेनची लिंक एवढं बाळगा. पॅड नवीनच घालून जा, ब्रोकन ते वेर्निगेरोडे म्हणजे ९०० मीटरचा उतार आहे, ब्रेक सतत दाबून धरायचा नाही, दाबायचा सोडायचा. हातमोजे पूर्ण बोटांचे. माझी बोटं इतकी बधिरली होती की ब्रेक दाबतोय का नाही ते बघून कळत होतं.

पायडलताई:
ठरलं मग. दोन रात्री ब्राउनलागे, दोन क्वेडलिनबुर्ग, गोस्लारला सकाळी लवकर उतरून आधी खाण आणि मग चढ. रोज ३५-४०. ब्राउनलागेहून मोकळ्या सायकलने ब्रोकन, त्या दिवशी धुकं असेल तर असेल. वेर्निगेरोडे क्वेडलिनबुर्गला जाताना वाटेत, थाले एक दिवस सामान ठेवून, आणि रापबोडे या वेळी सोडून दिलं.

सपाटप्रेमी:
छान. लांबच्या गाडीने (आयसी, आयसीइ) येणार असाल तर सायकलची जागा आधी बुक करा, ती आयत्या वेळी मिळत नाही. रीजनल गाडीत बुकिंग लागत नाही पण रविवारी संध्याकाळी सायकलींची गर्दी असते, परतीची शक्यतो सकाळची धरा. आणि थालेला बोडे नदीच्या घळीत सायकल नेऊ नका, ती वाट फक्त चालायची आहे, पायऱ्या आहेत. सायकल खाली कुलूप लावून ठेवा, दोन तास पाय मोकळे करा, मग सांगा डोंगर बघण्यात काय मजा असते ते :)