जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवून भागेल का?

चादरवाला: आमच्या यंत्रमागाचा सगळा हिशोब २०१४ च्या लॅपटॉपवर. चालू करून चहा पिऊन आलो तरी गोल फिरतंच असतं. नवी पेठेत एकानं सांगितलं, नवाच घ्या. डिस्कच्या ५०० जीबीतले जेमतेम १२० भरलेत. टॅलीचा डेटा गेला तर वडील मलाच मागावर उभा करतील.

स्क्रूड्रायव्हर: भागेल की! एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर डेटा ठेवणारी डिस्क. अडीच इंची साटा (जुन्या डिस्कच्याच जोडणीवर चालणारी) एसएसडी घ्या, २५६ जीबी पुरे. एनव्हीएमई (वेगळ्या स्लॉटात बसणारी, जास्त वेगवान एसएसडी) नको, त्या वयाच्या लॅपटॉपला सहसा तो स्लॉट नसतो. जुन्या हार्ड डिस्कची फिरती तबकडी सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वाचते, साटा एसएसडी ५०० च्या घरात. खरा फरक मात्र बारक्या फायलींत. तिथं डिस्कचं हेड नुसतं हिंडत बसतं.

शेंगाचटणी: दादा, आधी डेटा पेनड्राइव्हवर, मग क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची एसएसडीवर हुबेहूब नक्कल. एसएसडी ७ मिमी, जुनी डिस्क बहुधा साडेनऊ. हलली तर प्लास्टिकची चौकट लावा. बॅटरी काढल्याशिवाय स्क्रूला हात नको.

चादरवाला: बसवली! चहा कपात वाफाळतोय अन् टॅली उघडलंय. जुनी डिस्क बाहेरून जोडायच्या यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला ठेवली. वडील म्हणतात, "आता रॅमचं पण बघ की."