तिला वावरात सोडू नका

ताई, घरच्या तीन मांजरी नव्या मोठ्या मांजरीवर फिसकारतात म्हणून चारच दिवसांत तिला वावरात सोडायचं म्हणता. थोडं थांबा. मोठ्या मांजरांना एकमेकींची सवय व्हायला कित्येक आठवडे लागतात.

आम्ही आर्वीकडच्या खेड्यात राहतो. आमची चौथी मांजर आली तेव्हा तिला कुटाराच्या खोलीत वेगळं ठेवलं होतं. मांजर आधी वासानं ओळखते, डोळ्यांनी नंतर. म्हणून तिच्या अंगाखालचं फडकं जुन्यांच्या पोत्यावर टाकायचं, त्यांचं तिच्याकडे न्यायचं. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण. आधी ताटल्या लांब, रोज थोड्या जवळ सरकवायच्या. गुरगुर वाढली की पुन्हा मागे. आमच्या म्हाताऱ्या बोक्यानं तब्बल दीड महिना घेतला, आता दोघं एकाच ढिगावर झोपतात.

राखेची किंवा वाळूची घमेली मांजरांपेक्षा एक जास्त, म्हणजे तुमच्याकडे 5 ठेवा. भांडणं बरीचशी तिथंच होतात. आणि एकत्र करण्याआधी डॉक्टरांना दाखवून लस द्याच. पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा झपाट्यानं पसरणारा विषाणूचा रोग, घरात शिरला तर पिल्लं वाचणं फार कठीण. नसबंदीचंही तेव्हाच विचारा.